घड्याळमामांची गुळणी

सकाळी सहाच्या ठोक्याला बिटाच्या रसाचा ग्लास पुढ्यात आला आणि घड्याळमामांनी श्वास रोखला. डोळे मिटून त्यांनी तो एका दमात रिचवला.

"कसा झालाय?" मामींनी विचारलं.

"छान."

"मग उद्यापासून एक बीट जास्त घालते."

मामा शहर बसचे चालक. त्यांची गाडी थांब्यावर आली की लोक घड्याळ लावून घेत, म्हणून डेपोने त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्यांच्या बायकोला आपसूक 'मामी' करून टाकलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आणि नेमकं मामांचं बीपी चढलं. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, मीठ तोडलं, पालक-बीट खायला सांगितलं आणि बजावलं, "तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. आकडा खाली नाही आला तर स्टिअरिंग बंद. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायचं."

मामांनी त्या खिडकीची धास्ती घेतली होती. दांडा मोडलेल्या छत्र्या आणि जोडीदार गमावलेल्या चपलांच्या सहवासात दीड वर्ष काढायचं म्हणजे जिवंतपणीच अडगळीत जाणं.

मामींनी मात्र कंबर कसली. रोज पहाटे उठून त्या बीट सोलायच्या, किसायच्या, फडक्यातून पिळायच्या. त्यांची बोटं कायमची लाल झाली होती. त्या बोटांकडे बघून 'मला हा रस ओल्या मातीसारखा लागतो' असं सांगायची मामांची छाती होईना. शिवाय दात लाल दिसायचे ते वेगळंच. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. त्यांची लेक दाताच्या दवाखान्यात कामाला होती. तिने घरी आणून ठेवलेली माउथवॉशची बाटली मामांनी गुपचूप डब्याच्या पिशवीत घातली. घरी रस, डेपोच्या नळावर गुळणी. मामी खूश, तोंडात पुदिना. संसारात याहून जास्त काय लागतं?

फेरतपासणीच्या दिवशीही मामांनी नळावर मोठ्ठी गुळणी केली आणि रुबाबात आत शिरले. दारात तपासनीस एक नवंकोरं यंत्र घेऊन उभा होता.

"मामा, आजपासून गाडी काढायच्या आधी यात फुंकायचं. दारू प्यायलेला माणूस लगेच सापडतो."

"अरे, मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही," म्हणत मामांनी फुंकलं.

यंत्र ठणाणा बोंबललं.

तपासनिसाने यंत्र हलवलं, उलटं केलं, मग मामांकडे बघितलं. "मामा... सकाळी सकाळी?"

"यंत्र बिघडलंय तुझं!"

"आत्ताच नऊ जणांचं शून्य आलं हो. असं करा, पंधरा मिनिटं बसा. काही खाऊ नका, पिऊ नका. परत बघू."

मामा बाकावर बसले. बातमी मात्र बसली नाही. पाच मिनिटांत ती वर्कशॉपला वळसा घालून डेपो मॅनेजरच्या टेबलावर पोचली आणि मॅनेजरसाहेब लगबगीने आले.

"मामा, काय ऐकतोय मी हे?" आणि मग दचकून, "तोंडातून रक्त येतंय का तुमच्या?"

एवढी गुळणी करूनही बीट दातांच्या फटीत ठाण मांडून होतं. झिंगलेला म्हणून बदनाम झालोच आहोत, निदान मारामारी केलेला तरी दिसायला नको, या विचाराने मामा नळाकडे धावले आणि चांगल्या दोन गुळण्या करून परतले. खाऊ नका, पिऊ नका, असं सांगितलं होतं. गुळणीबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. बाटलीवर काय काय घातलंय ते लिहिलेलं होतं, पण इतकं बारीक, की मामांच्या चष्म्याने त्यापुढे कधीच हात टेकले होते.

दुसऱ्या वेळी यंत्राने आधीपेक्षा मोठा आकडा दाखवला.

"बसल्या बसल्या वाढतेय!" तपासनीस कपाळाला हात लावून म्हणाला.

मॅनेजरसाहेबांनी मामांच्या घरी फोन लावला. अर्ध्या तासात मामी हजर झाल्या, हातात उरलेल्या रसाची बाटली घेऊन.

"हे सकाळपासून एवढंच प्यायलेत. दुसरं काही नाही."

तपासनिसाने बाटलीचा वास घेतला. "मामी, राग मानू नका. हे आंबलं तर नसेल?"

"आंबलं?" मामींचा आवाज वर्कशॉपपर्यंत गेला. "माझ्या हातचं?" आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी बाटली तोंडाला लावली, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली आणि यंत्रात फुंकलं. शून्य.

मामी विजयी मुद्रेने वळल्या, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रस निर्दोष सुटला म्हणजे नवरा अडकला. त्यांचा चेहरा उतरला. खरंच घेतली असेल का? बीपीच्या धसक्याने? मुकाट्याने त्यांनी डब्याची पिशवी उपसायला घेतली. डबा निघाला, रुमाल निघाला आणि तळाशी हिरव्या पाण्याची बाटली निघाली.

"हे काय?"

मामांनी मान खाली घातली. "गुळणीचं औषध. रसाची चव जायला."

"म्हणजे? रस आवडत नाही तुम्हाला?"

"तसं नाही अगदी..."

"तीन आठवडे छान छान म्हणत होतात!"

"तुझी बोटं बघून दुसरं काय म्हणणार होतो?"

मामींना रागवायचं होतं, पण आता नेमकं कोणावर, ते ठरेना. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, खळाखळा गुळणी केली, कुंडीत थुंकली आणि तपासनिसाच्या हातातलं यंत्र ओढून त्यात फुंकलं.

यंत्राने बोंब ठोकली.

"घ्या!" मामी म्हणाल्या. "आता मलाही आत टाका."

गलका ऐकून डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आल्या. बाटली डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचली आणि हसू दाबलं. "यात अल्कोहोल आहे. तोंडात राहतं थोडा वेळ. वीस मिनिटं याला हात लावू नका, शून्य येईल. पण मामा, खरी गंमत पुढेच आहे. बिटातलं नायट्रेट लाळेत उतरतं. जिभेवरचे जंतू त्याचं रूप पालटतात, आणि त्याने रक्तवाहिन्या जरा सैलावतात. तुम्ही रोज रस पिऊन लगेच जंतूच मारत होतात."

"म्हणजे स्वयंपाकाला सामान आणून दिलं आणि आचाऱ्याला हाकलून दिलं," मामी म्हणाल्या.

"अगदी! आणि खरोखरची दारू दिली तर हेच जंतू त्यातून लाळेत विषारी द्रव्य तयार करतात. मालक जे देईल ते रांधतात बिचारे."

मॅनेजरसाहेबांनी नकळत ओठ पुसले आणि उगाच फाइल चाळू लागले.

वीस मिनिटं मामा हात मांडीवर ठेवून बसले आणि अख्खा डेपो त्यांच्या तोंडावर पहारा देत उभा राहिला. तिसऱ्यांदा फुंकलं. शून्य. टाळ्या पडल्या. मग बीपी. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. आकडा हद्दीत होता, अगदी काठावर, पण हद्दीत.

"गोळीने काम केलंय. आता गुळणी बंद केलीत की रसालाही करू द्या."

मामांनी मोठा सुस्कारा सोडला. मामी मात्र खुर्चीत टेकल्या होत्या. चेहरा लालबुंद.

"मामी, दंड पुढे करा बरं."

"मला काय झालंय? राग आलाय नुसता."

डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या तासात तीनदा मोजलं. राग ओसरला, आकडा ओसरला नाही. तो मामांच्या पहिल्या आकड्यालाही मागे टाकत होता.

"कधी तपासलं होतंत?"

मामींनी आठवून पाहिलं. "यांचंच बघत होते ना."

गोळ्यांची चिठ्ठी मामांनीच घेतली, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल, माझ्याच गाडीने सोडतो."

इतक्या वर्षांत मामी नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्याच नव्हत्या. त्या निघायच्या तेव्हा मामा नेमके दुसऱ्या टोकाला असायचे. आज त्या चालकाच्या मागच्याच सीटवर बसल्या आणि समोरच्या आरशात मामांचे डोळे बघत राहिल्या. एका वळणावर मामांनी गाडी इतकी अलगद घेतली की मामींच्या मांडीवरची रिकामी बाटलीसुद्धा हलली नाही.

घराचा थांबा आला. दार उघडलं. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"अगं, उतर. आपला थांबा."

मामींनी तिकीट वर धरून आरशात दाखवलं. शेवटच्या थांब्याचं होतं.

"चला पुढे," त्या म्हणाल्या. "मागे लोक खोळंबलेत."