आट्यांत मुरलेला हट्ट

रविवारपर्यंत जुन्या गाडीचं इंजिन धडधडलं, तर मास्तरांचा फायदा एकच होता: मेहुण्याचं तोंड कायमचं बंद. नाही धडधडलं, तर गाडी आहे तशी मेहुण्याची. त्याच्याकडे तशाच गाडीचा धडधाकट सांगाडा होता. नव्हतं ते फक्त इंजिन. हरल्यास गाडी जाणार, जिंकल्यास शांतता मिळणार. असली शर्त लावायला शहाणा माणूस धजत नाही. ती मास्तरांनीच लावली होती, भरल्या ताटावरून उठून.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायचे दहा बोल्ट त्यांनी रॉकेलमध्ये भिजवले. तारेच्या ब्रशनं एकेका आट्यातली काजळी खरवडली. बोल्ट असे लखलखले, की बायको म्हणाली, "तीस वर्षांत एक कढई नाही हो अशी घासलीत!"

तेवढ्यात मेहुणा डोकावला. "भाऊजी, बोल्ट झकास! पण ते जातात ती भोकंही साफ करा, हवा मारून कोरडी करा. तळाशी तेल राहिलं तर बोल्ट बसायचा नाही."

सल्ला सोळा आणे खरा होता. पण आला होता मेहुण्याच्या तोंडून, म्हणजे बाद.

"माझ्या इंजिनाला तेल पाजायचं की उपाशी ठेवायचं, ते मी बघीन!" असं म्हणत मास्तरांनी दहाही भोकं तेलानं काठोकाठ भरली.

नऊ बोल्ट तेल ओकत, कुरकुरत कसेबसे खाली गेले. दहावा बोटभर वरच अडला.

मेहुण्याला घाम फुटला. हे इंजिन त्यानं मनातल्या मनात केव्हाच आपल्या सांगाड्यात बसवलं होतं. "भाऊजी, पाया पडतो. बोल्ट काढा, तेल टिपून घ्या, परत बसवा. पाच मिनिटांचं काम!"

"पाच मिनिटं माघार? मी?" मास्तरांनी पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी नळी चढवली आणि सगळा भार टाकला.

कडाड!

बोल्ट शाबूत होता. दबलेल्या तेलानं खालचं लोखंडच फोडलं होतं. भेगेतून तेल सावकाश पाझरू लागलं.

रविवारी मेहुणा मऊ आवाजात म्हणाला, "शर्त गमतीतली होती हो. राहू द्या गाडी तुम्हाला."

"आहे तशी, असं ठरलंय. उचल!"

"ताई, तू तरी सांग ना यांना!"

"मी काय सांगणार? शब्द तू पण दिला होतास," असं म्हणत बायकोनं फाटक सताड उघडलं.

शर्त मास्तर हरले, गाडी गेली. पण टेम्पो मेहुण्यानं आणला, ढकलायला माणसं मेहुण्यानं आणली, आणि फुटकं इंजिन पडलं तेही मेहुण्याच्याच दारात. टेम्पो निघताना मास्तरांनी उपसून काढलेला दहावा बोल्ट त्याच्या हातावर ठेवला.

"आटे बघून घे. नंतर तक्रार नको."