अर्जातला सातवा रकाना

विरुपाक्षआप्पा शेट्यांची अक्कल डाव्या गुडघ्यात होती, आणि शर्यतीला तीन आठवडे उरले असताना ती मुरगळली.

गुडघ्यात अक्कल असणं शेट्यांच्या घराला नवं नव्हतं. वडिलांची तिथंच होती, आजोबांचीही. म्हणून तर त्या घरात लग्नात बाशिंग गुडघ्याला बांधायची रीत. डोक्याला बांधून कळणार कुणाला? अक्कल जपायची म्हणून शेट्यांच्या तीन पिढ्या कधी पळाल्या नाहीत. गादीवर पाय पसरून दोर, सुतळी आणि ताडपत्री विकत बसल्या. आळीला आग लागली तेव्हासुद्धा आजोबा चालतच बाहेर आले होते, आणि येता येता विहिरीवर धावणाऱ्या शेजाऱ्याला पोहऱ्याचा दोर विकून आले होते.

आप्पांना मात्र चोपन्नाव्या वर्षी पळायचं होतं. करंजगावात पहिल्यांदाच दहा किलोमीटरची शर्यत ठरली होती आणि तिचा रस्ता नेमका दुकानावरून जात होता.

"आपल्या दारावरनं गाव पळणार, आन् आपण गादीवरनं बघायचं?" ते बायकोला म्हणाले. "बघण्यातच जन्म गेला की."

दोन महिने त्यांनी मार्केट यार्डाला रोज सकाळी फेऱ्या मारल्या. मग एका सकाळी सांडलेल्या तुरीवरून पाय घसरला.

हाडांच्या डॉक्टर गोसावीबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "हाड शाबूत आहे. अक्कल सुजलीय."

"दाढेची?"

"नाही, तुमची."

परिणाम लगेच दिसला. त्याच दुपारी एका गिऱ्हाइकानं "दोर टिकेल ना?" असं विचारलं आणि आप्पांनी त्याला खरं सांगितलं.

"गुडघा एका वेळी एकच काम करेल," दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पळेल, नाहीतर विचार करेल. दोन्ही करायला लावलंत तर अक्कल जागा सोडेल. गेलेली परत येईलच असं मी लिहून देणार नाही."

"गुडघ्याचं स्वतःचं काय म्हणणं?"

"तेच. पळू नका."

"त्याचं ऐकूनच चोपन्न वर्षं बसलो," आप्पा म्हणाले, आणि लंगडत अर्ज भरायला गेले.

अर्जात सातवा रकाना होता: 'अक्कल कुठे आहे: डोके / गुडघा / इतर'. आप्पांनी गुडघ्यावर खूण केली. शर्यत समितीचे अध्यक्ष निंबाळकर सर, शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, त्यांनी खूण पाहिली, मग पट्टी बांधलेला गुडघा पाहिला आणि चष्मा काढला.

"आप्पा, नियम तेरा. स्पर्धक अकलेनं शाबूत पाहिजे."

"मग तुम्हाला एकपण स्पर्धक मिळायचा न्हाई," बरोबर आलेली आप्पांची बायको महानंदा म्हणाली. तिची अक्कल पहिल्यापासून डोक्यात होती. तिच्या माहेरी तसंच चालायचं. "शहाणा माणूस रविवारी पहाटे उठून पळायला येतोय व्हय?"

सरांनी हरकतीची नोंद घेतली.

"सूज उतरंस्तवर ह्यांचा विचार मी करते," ती पुढं म्हणाली. "रस्त्याच्या कडेनं चालत सांगत जाईन."

"ती बाहेरची मदत झाली, वहिनी. पाणी चालतं, केळं चालतं. विचार चालत नाही." बराच वेळ नियम चाळून सर म्हणाले, "स्वतःच्या जबाबदारीवर पळा. पण मागून आमची जीप येईल. जीप पुढं गेली की तुम्ही बाद."

शर्यतीच्या दिवशी सुजलेल्या गुडघ्यानं पहिल्या पावलापासून सल्ले द्यायला सुरुवात केली. चौथ्या किलोमीटरला दुकान आलं, तसा तो सवयीनं आत वळला. आप्पांनी दोन्ही हातांनी मांडी धरून त्याला परत रस्त्यावर आणलं. पायरीवर उभी महानंदा ओरडली, "आता आत आलात तर दार लावून घेईन!" समितीनं हा विचार धरला नाही, धमकी धरली, धमकीला नियम नव्हता.

सातव्या किलोमीटरच्या उतारावर अक्कल गुडघ्यातून सुटली. पोटरीवरून घरंगळत खाली गेली आणि तळपायाशी जाऊन बसली. आप्पांना बुटात खडा गेल्यासारखं वाटलं. पुढचा दीड किलोमीटर त्यांना आपण कोण, कुठं निघालो, काही आठवत नव्हतं. फक्त थांबायचं नाही एवढं पायांना पाठ होतं.

जीप अगदी पाठीशी आली. खिडकीतून निंबाळकर सरांनी डोकं काढलं. "आप्पा, बसा आता! थोडी जरी अक्कल शिल्लक असेल तर बसा!"

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाताना अक्कल घेऊन गेली. वाटेत गुडघा लागला, पण ती तिथं थांबली नाही.

रिकामा गुडघा कसा पळतो हे शेट्यांच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला आता कशावरच मत नव्हतं.

"आहे, सर!" आप्पा मागं न बघता म्हणाले. "पहिल्यांदाच जाग्यावर आहे. म्हणूनच बसत न्हाई!"

ते शेवटचे आले, जीपच्या चार पावलं पुढं. सरांनी घड्याळ पाहून लिहिलं: 'शर्यत पूर्ण.'

डोक्यातली अक्कल आप्पांना काही मानवेना. टोपी बसेना, आणि इतक्या उंचावर सारखं वारं लागे. "लोक तिथं ठेवतात तरी कशी?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"आठवडाभर गादीवर बसा. आपोआप गुडघ्यात उतरेल."

"बसायचं सोडून सांगा."

दुसरा उपाय नव्हता. आप्पांनी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि दुकानात उभ्यानं, फेऱ्या मारत माल विकू लागले. गिऱ्हाइकं बरोबर चालू लागली. अक्कलही कुठं एका जागी राहिली नाही. कोपरात असली की त्या दिवशी दोर झकास मोजला जाई. पाठीत असली की गिऱ्हाईक जाईपर्यंत भाव सुचत नसे.

पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज भरला. सातव्या रकान्यात 'डोके' खोडलं, 'गुडघा' खोडला, आणि 'इतर'समोर लिहिलं: 'फिरतीवर'.

निंबाळकर सरांनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

"छातीवरचा नंबर मागचाच ठेवू ना?" त्यांनी विचारलं.