राजगाठीची हकीकत

कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, हातून खरे तेच लिहिले जावे इतकेच मागून, हकीकत आरंभिली ती ऐसी जे, शके १७२१ सिद्धार्थीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, राजे हैबतराव, वय वर्षे एकोणचाळीस, गडाचे तिसरे दरवाजाची पायरी चढता छातीस हात लावून बसले ते पुन्हा उठले नाहीत. त्यांचे वडील छत्तिसावे वर्षी गेले, आजे एकेचाळिसावे वर्षी गेले, आणि तिघांचेही टाचेवरील जाड शिरेस सुपारीएवढी गाठ होती. त्या गाठीस राजगाठ म्हणावे, मूळपुरुषाचे रक्ताची खूण मानावी, राजांनी जोडा घालावा तो मागून कापलेला, मानकऱ्यांनी मुजरा करावा तो टाचेस, आणि कित्येक शहाण्यांनी तर आपले टाचेस कापसाचा बोळा बांधून मिरवावे. पुत्रांपैकी ज्यास गाठ उठेल त्यास गादी, आणि ज्यास न उठेल त्याचे रक्त पाणचट म्हणोन त्यास खालचे गावी आमराई राखावयास धाडावे, ऐसी चाल. आणि आमराईवाले ऐंशी ऐंशी वर्षे जगले, नातवंडांस आंबे पाडून देत राहिले, आणि गादीवाले चाळिशीत गेले, तरी हे ऐसे का म्हणोन पुसावे हे एकासही सुचले नाही. अंगाचा तिळपापड होतो तो याचा.

मग पुसले नाही तरी आळ मात्र दर वेळी घातला. आजे गेले तेव्हा तूप फार वाढिले म्हणोन आचारी गडावरून हाकलिला. वडील गेले तेव्हा देवीचा कोप ठरला. हैबतराव तर भाकरी-ताक जेवीत, रोज गड चढत, अंगी फाजील मांस म्हणोन नव्हते. तेव्हा आचाऱ्यास धरता येईना, म्हणोन विसाजीपंत दिवाण यांनी राणी सगुणाबाईसाहेबांस धरिले आणि त्या पांढऱ्या पायाच्या ऐसे भर दरबारी बोलिले. बाईसाहेब वीस वर्षे त्या घरी नांदल्या होत्या. पायगुण वीस वर्षे वाट पाहत बसला होता काय? आणि खरे कारण तर दोन वर्षे आधीच दरबारास ठाऊक जाहले होते. टोपीकरांचे इस्पितळी शिकलेली तान्हूबाई वैद्यीण गडावर आली, तिने राजांची टाच चाचपली, रक्त काचेचे नळीत घेऊन तपासिले, आणि सांगितले की रक्तात मेद असतो, त्यास टोपीकर कोलेस्टेरॉल म्हणतात. तो यकृताचे दारी आला म्हणजे तेथील पहारेकरी त्यास आत ओढून घेतात. या घराण्यात ज्यांस गाठ उठते त्यांचे निम्मे पहारेकरी जन्मापासोनच कामाचे नाहीत, म्हणोन मेद रक्तात फिरत राहतो, काळजाचे नळ्यांत बसतो आणि टाचेतही साठतो. आईबापांपैकी एकास हे असले तर दर लेकरास येण्याचा संभव निम्मा, मुलगा असो वा मुलगी. जेवण सांभाळावे, परंतु तेवढ्याने भागणार नाही, ही गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी. राजांनी एकच पुसले, गाठीचे काय होईल. तान्हूबाई बोलिली, "हळूहळू ओसरेल, महाराज." झाले. राजगाठ पुसते ते औषध राजद्रोही ऐसे दिवाणांनी ठरविले, गोळ्यांचा डबा तळ्यात फेकिला, बाईस गडाखाली उतरविले, आणि राजे टाचेस मुजरे घेत राहिले. पुढे काय जाहले ते वर लिहिलेच आहे.

मग राजांचे पश्चात चिरंजीव दलपतराव, वय वर्षे एकोणीस, यांचे टाचेस हरभऱ्याएवढी गाठ दिसो लागली आणि गडावर साखर वाटली. सगुणाबाईसाहेब मात्र मेण्यात बसून तान्हूबाईचे घरी गेल्या, गोळ्या घेऊन आल्या आणि लेकापुढे ठेविल्या. दलपतराव बोलिले, "आईसाहेब, गाठ गेली तर गादी जाईल."

त्यावर बाईसाहेब बोलिल्या, "जाऊ दे. तुझे वडील पायरीवर पडले होते तेव्हा सगळे टाचेला मुजरा करत होते. श्वास चालतो का, ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं. तू गोळी घे."

मग दलपतरावांनी रोज गोळी घेतली, आणि दोन वर्षांनी पुरोहितांनी दरबारात टाच चाचपली तो गाठ बोटास लागेना. दिवाणांनी त्याच दिवशी मायलेकांस आमराईत धाडिले आणि चुलतभाऊ खंडेराव, गाठ असलेल्या धाकट्या काकांचे पुत्र, वय वर्षे एकोणतीस, गाठ लिंबाएवढी, यांस तोफा उडवून गादीवर बसविले. बाईसाहेबांनी आमराईतून त्यांसही गोळ्या धाडिल्या. त्या वेशीवरूनच परत आल्या.

एवंच, आज शके १७३०. दलपतराव आमराईत आहेत, झाडावर चढतात. खंडेराव छत्तीस वर्षांचे जाहले, तिसरे दरवाजाशी येता छाती धरून बसतात, आणि सरकारस्वारी गडाची शोभा पाहत बसली ऐसे आम्ही दरबारचे कारकून रोजनिशीत लिहितो. हैबतरावांचे मृत्यूचे पानी "राणीचे पायगुणे" हे शब्दही आम्हीच लिहिले. आज्ञा दिवाणांची, परंतु हात आमचा. ते आज खोडिले. खंडेरावांचे पुत्र नऊ वर्षांचे आहेत. पुरोहित दर पौर्णिमेस त्यांची टाच चाचपतात, आणि अद्याप गाठ नाही म्हणोन त्यांची आई देवीस नवस बोलते.