चोरपकड पेटी

पेटीने कुलूपकाकांचा उजवा हात धरला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि अकरा वाजता तपासनीस येणार होते.

संग्रहालयातल्या कुलुपांच्या दालनाचे काका हे प्रमुख, माहितगार आणि खरं सांगायचं तर एकमेव चाहते. दालनात चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा ते बंद करून तिथं उपाहारगृह काढावं, असं वरिष्ठांच्या मनात घाटत होतं. आज तपासनीस शेवटचा शेरा मारणार होते. म्हणजे आपली कुलपं भंगारात जाणार, हे काकांनी ओळखलं होतं.

पेटी दोनशे वर्षांची, लोखंडी, जमिनीला बोल्टांनी आवळलेली. 'चुकीची किल्ली फिरवल्यास दोन कड्या बाहेर येऊन चोराचे मनगट धरतात,' अशी पाटी तिच्यावर होती. पाटी काकांनीच लिहिलेली. पण खरंच धरतात का? बावीस वर्षं हा किडा त्यांच्या डोक्यात वळवळत होता. आता दालनच चाललंय, तर एकदा बघून तरी घेऊ, म्हणून त्यांनी घरच्या कपाटाची किल्ली आत सारून फिरवली. खट्ट!

"अरे वा, धरतात की!" काका आनंदाने ओरडले. मग त्यांनी हात ओढून पाहिला आणि आनंद ओसरला.

पेटीची खरी किल्ली टेबलाच्या खणात होती, आठ पावलांवर. टेबलावरच त्यांचं कार्डही होतं. वाकताना मध्ये येतं म्हणून गळ्यातून काढून ठेवलेलं. दालनाला गेल्याच महिन्यात काचेचं नवं दार बसवलं होतं, आणि ते कार्डाशिवाय ना कुणाला आत घेई, ना बाहेर सोडी. दाराबाहेर स्टुलावर पहारेवाल्या बाई बसल्या होत्या. पेटी दारालगतच असल्यामुळे निदान बोलता तरी येत होतं.

"बाई, ऑफिसातलं जादा कार्ड आणा! पळा!"

"लेखी परवानगी लागते, काका. दालनप्रमुखांची सही."

"अहो, दालनप्रमुख मीच!"

"म्हणून तर तुमचीच सही हवी."

"तो नियम मीच लिहिलाय!"

"चांगला लिहिलाय. 'अपवाद नाही' याच्याखाली दोन रेघा मारल्यात तुम्ही."

बाईंनी दाराखालून कागद सरकवला. काकांनी तो पायाने ओढला, डाव्या हाताने कशीबशी सही केली आणि परत ढकलला. बाईंनी तो उजेडात धरून वहीतल्या सहीशी ताडून पाहिला.

"ही तुमची सही नाही."

"डाव्या हाताची आहे हो!"

"तसा रकाना नाहीये."

"मी इथं आत अडकलोय, दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय ना, तुम्हीच आहात ते. नाहीतर एव्हाना चोर चोर म्हणून ओरडले नसते का?"

काका कपाळाला हात लावणार होते, पण तो हात पेटीत होता. एवढ्यात काखेत फाईल मारून तपासनीस आले आणि त्यांनी थेट काचेला नाक लावलं.

"हे काय चाललंय?"

"पेटीनं धरलंय त्यांना," बाई म्हणाल्या.

संपलं सगळं, असं काकांना वाटलं. पण तपासनिसांनी फाईल स्टुलावर टाकली.

"खरोखर धरलंय? कड्या कुठून आल्या, वरून की बाजूनं?"

"दोन्ही बाजूंनी, साहेब! आधी डावी, मग उजवी!" आपण अडकलोय हे काका क्षणभर विसरलेच.

"दुखतंय?"

"छे हो! नुसतं धरलंय. पण सोडत नाही."

"मला जवळून बघायचंय. बाई, दार उघडा."

बाईंनी नियम सांगितला. तपासनिसांनी दाराकडे खालीवर पाहिलं. "वीज गेली तर हे काय करतं?"

"उघडतं."

"मेन स्विच कुठाय?"

"हा काय, माझ्या डोक्यावर."

"तो बंद करायला परवानगी लागते?"

बाईंनी वही दोनदा चाळली. "त्याचा नियम लिहायचा राहिलाय काकांचा."

खटका पडला आणि दार मुकाट्याने उघडलं.

"हे आधी नाही का सांगायचं?" काका कळवळले.

"तुम्ही कार्ड मागितलंत, काका."

वीस मिनिटं तपासनीस पेटीपुढे मांडी घालून बसले. दोन्ही कड्यांना बोट लावून झालं, तेव्हा कुठे त्यांनी खणातली किल्ली आणून फिरवली आणि काका सुटले. मग त्यांनी शेरा लिहायला घेतला. काका मनगट चोळत उभे होते.

'दार: एका खटक्यात उघडते. पेटी: दोनशे वर्षांनंतरही चोख. दालन चालू ठेवावे.'

काकांचे डोळे भरून आले. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

"तेच खाली लिहिलंय."

खाली लिहिलं होतं, 'अट: प्रेक्षकांसाठी रोज अकरा वाजता प्रात्यक्षिक. चोर: दालनप्रमुख स्वतः.'

काकांनी ते दोनदा वाचलं. एकदा पेटीकडे पाहिलं.

"रविवारी तरी सुट्टी?" त्यांनी हळूच विचारलं.

"रविवारी गर्दी असते," तपासनीस फाईल बांधत म्हणाले. "रविवारी दोनदा."