टेबलाला चिकटलेली चकती

"टेबल माझ्या वडिलांनी दिलंय, तुमच्या सुऱ्यांनी नाही. आधी ते सोडवा," मामी म्हणाली.

"अगं, सोडवतोच आहे ना. सकाळपासून दुसरं काय करतोय?"

मामा पेचकस घेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर पालथे पडले होते. कोपऱ्याला पितळेची चकती चिकटलेली. दुपारी हॉटेलवाल्या बाई सुरी बघायला येणार होत्या. पसंत पडली तर त्यांच्या अख्ख्या स्वयंपाकघराच्या सुऱ्या मामाच बनवणार. नाही पडली तर जिथली नोकरी सोडली त्याच कारखान्यात पुन्हा तोंड दाखवायचं. आणि तिथल्या साहेबाला मामा निघताना काय बोलले ते सगळ्या गल्लीला पाठ आहे.

झालं असं, की पात्याच्या मागे, त्याची शेपटी जायला मधे भोक असलेली पितळेची चकती आणि चकतीच्या मागे शिंगाची मूठ चिकटवायची होती. मामी म्हणाली होती, गोंदाआधी चकती खरखरीत करा. मामांना खरखरीत या शब्दाचाच राग. शिंगाला लागणारी बाजू त्यांनी एवढी घासली, की तिच्यात बघून मिशी कापली. जी बाजू जन्मभर झाकलेली राहणार, ती. दुसऱ्या बाजूची पाळी येईपर्यंत पॉलिश पेपर संपला.

मग चकती खाली, मूठ वर, असं टेबलासकट क्लॅम्पमध्ये आवळलं. खाली प्लास्टिक घाला, असंही मामी म्हणाली. ती म्हणाली म्हणूनच मामांनी घातलं नाही. आवळलं तेही असं, की निम्मा गोंद चकतीच्या भोकातून खाली गेला. सकाळी मूठ अलगद हातात आली. चकती राहिली टेबलाला. मामी त्याच कोपऱ्यावर भाजी चिरते, तिथं नुसते चरे. खरखरीताला खरखरीत भेटलं.

तेवढ्यात बाई दारात. मामांनी चकतीवर ताटली पालथी घातली. बाईंनी ती उचलली आणि विचारलं, हे काय. मामांनी पेचकस पाठीमागे लपवला.

"नमुना आहे," मामी म्हणाली. "ओढून बघा."

बाईंनी ओढलं. मग पक्कड घेतली, पाय टेकवून ओढलं. टेबल सरकलं, चकती नाही. बाई खूश. त्यांच्याकडे सुऱ्या रोज धुवून धुवून मुठी निखळतात, कुणाच्या तरी आमटीत सापडतात.

"शिंग नको," त्या म्हणाल्या. "सगळ्या सुऱ्यांना या टेबलाच्याच लाकडाच्या मुठी हव्यात."

त्या गेल्या. मामी टेबलावरून हात फिरवत राहिली.

"चकती दोन्हीकडून खरखरीत करणार?"

"करतो."

"खाली प्लास्टिक?"

"घालतो गं. पण हे टेबल कापायला नको. सासऱ्यांची आठवण आहे ती."

"वडील माझे होते," मामी म्हणाली, आणि तिनं टेबलावर खडूनं मुठींच्या रेघा मारल्या.

मला आता मदतीला उठायला हवं. मामी करवत घेऊन उभी आहे, टेबलाचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे, आणि मामा टेबलावर मांडी घालून बसलेत.