बोल्टाचं डोकं वाचणारे आप्पा

आप्पा मिस्त्री नवा बोल्ट हातात घेतला की सगळ्यात आधी त्याचं डोकं वाचतात. चष्मा कपाळावर सरकवतात, खिशातून भिंग काढतात, बोल्ट उन्हाकडे तिरका धरतात आणि डोक्यावर उमटलेला बारीक आकडा ओठ हलवत वाचतात. बोल्ट किती ताण सोसेल, हे त्या आकड्यावरून कळतं. तेवढ्यात समोर आमदार येऊन उभा राहिला तरी आप्पा त्याचा नमस्कार घेणार नाहीत. आकडा नसेल तर बोल्ट मातीत टाकतात आणि म्हणतात, "बेवारस हाय बे ह्यो."

चौसाळ्यात हायवेच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली त्यांचं पत्र्याचं शेड आहे. बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, माझं गॅरेज. माझ्याकडे गाडी उचलणारी लिफ्ट आहे, रात्रभर चमकणारी पाटी आहे, आयटीआयचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे. आप्पांकडे साधी पाटीसुद्धा नाही. तरी क्लचचं काम निघालं की गाड्या माझ्या दारावरून वळतात आणि लिंबाखाली जाऊन उभ्या राहतात. मी वैतागून खुर्ची रस्त्याकडे पाठ करून ठेवली, तर सर्टिफिकेटच्या काचेत त्यांचं शेड दिसायला लागलं.

लोक त्यांच्याकडे जातात याचं मला दुःख होतंच. पण लोक तिथे दोन-दोन दिवस थांबतात आणि तरी खूश असतात, याने माझा जास्त जळफळाट व्हायचा. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीमागचं जड लोखंडी चाक. त्याच्यावर क्लच बसतो आणि अख्खी गाडी ओढायचा जोर त्यातून जातो. ते चाक धरून ठेवतात मोजके सहा-आठ बोल्ट. आप्पांचा नियम असा, की एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा लावायचा नाही. कुणी लावू नये म्हणून जुन्या बोल्टांचे आटे ते स्वतः हातोड्याने ठेचून टाकतात. नवे बोल्ट बीडला मिळाले नाहीत तर संभाजीनगरहून येईपर्यंत गाडी लिंबाखाली उभी.

एका लग्नात तर या माणसाने कमाल केली. मांडवाच्या लोखंडी खांबांचे बोल्ट वाचले आणि भर उन्हात बाहेर जाऊन बसले. मुलीचा बाप हात जोडून आत बोलवायला आला. आप्पा म्हणाले, "मी हितून अक्षता टाकतो. तुमी बी जरा कडंलाच ऱ्हावा."

माझ्या वडिलांचा पाय मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा आप्पा भेटायला आले. तब्येत विचारायच्या आधी त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितलं, भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "डाक्टर हुशार हाय. एक बी स्क्रू लांब न्हाई." तेव्हापासून माझे वडील येईल त्याला सांगतात, की पाय डॉक्टरनं बसवला, पण पास केला आप्पांनी. माझे वडील! ज्यांनी माझ्या लिफ्टला आजपर्यंत चांगलं म्हटलेलं नाही.

तर अशा जळत्या मनाने मी बालाजीची गाडी हातात घेतली. बालाजी म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ. पिकअपमध्ये शेळ्यामेंढ्या घालून बाजाराला नेतो. त्याने दुसऱ्याच कंपनीचा नवा क्लच आणि फ्लायव्हील आणलं होतं. खोक्यात बोल्ट नव्हते. "आप्पा दोन दिवस म्हनत्यात," तो म्हणाला. मी म्हणालो, "दुपारपर्यंत घेऊन जा."

जुने बोल्ट दिसायला चांगले होते. मी ते धुतले, लावले, ताकद मोजणाऱ्या पान्याने कसले. प्रत्येक बोल्टाला पाना टक वाजला. दुपारी गाडी गेली तेव्हा मी मुद्दाम रस्त्यापर्यंत जाऊन हात केला. आप्पांना दिसावं म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी तीच पिकअप लिंबाखाली उभी होती.

शेळ्या झाडाला बांधलेल्या. दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली उतरला. चार माणसं गोळा झाली. आता आप्पा माझी अब्रू वेशीला टांगणार, याची मला खात्री होती. मला राहवेना. रस्ता ओलांडला आणि पिकअपच्या आड उभा राहिलो.

आप्पांनी कडब्याची एक काडी बोल्टाच्या भोकात तळापर्यंत घातली आणि चाकाच्या तोंडाशी नखाने खूण केली. ती बोल्टाशेजारी धरणार तेवढ्यात एका शेळीने काडी खाल्ली. आप्पांनी शांतपणे दुसरी काडी घेतली.

"ह्ये बघ, बालाजी. नवं चाक जुन्यापेक्षा पातळ हाय. म्हणून जुना बोल्ट आत जास्त गेला, तळाला टेकला. पान्याला वाटलं, घट्ट झालं. बोल्ट घट्ट झाला, चाक न्हाई झालं. म्हणून खडखड."

"म्हंजी सुदामनं घोळ घातला," बालाजी म्हणाला.

माझे कान तापले.

"सुदामनं लई इमानानं कसलेत," आप्पा म्हणाले. "सगळे एका ताकदीनं. आसा हात ह्या रस्त्यावर दुसऱ्याचा न्हाई. कंपनीनं खोक्यात बोल्ट द्याया पायजे हुते, त्ये दिले न्हाईत. सुदामला काय म्हनायचं न्हाई."

माणसं पांगली. बालाजी शेळ्यांना पाणी आणायला गेला.

"टायरामागं कावून उभा हायेस? हिकडं ये," आप्पा म्हणाले.

मी पुढे झालो. "आप्पा, जुने बोल्ट मीच घातले. न मापता. तुमी माझ्यावर पांघरूण कावून घातलं?"

"मापायचं तुला कुनी सांगितलंच न्हाई, तर तुला कसं कळंल?" त्यांनी हातातला बोल्ट पुसला. "तू हितं गॅरेज टाकलं तवा मला वाटलं, ह्यो गडी एक दिस रस्ता वलांडून यील, कायतरी इचारील. लई वर्सं वाट बघितली. पर तू तर खुर्चीच फिरवून बसलास."

मी खाली पडलेली कडब्याची काडी उचलली.

"आमचा पोरगा महेश पुन्याला कॉम्प्युटरवर हाय. लई गुनाचा. रोज फोन करतो. जेवलात का, गोळी घेतली का, समदं इचारतो." आप्पांनी हातातला बोल्ट वर धरला. "ह्याचं न्हाई इचारीत. गिऱ्हाईक बी 'कधी हुईल' एवढंच इचारतं. डोस्क्यात लई भरलेलं हाय, सुदाम. कुनी इचारीतच न्हाई."

इतकी वर्षं मी या माणसाच्या गिऱ्हाइकांवर जळलो, नावावर जळलो. त्या दुपारी पहिल्यांदाच, कधी न बघितलेल्या त्या पुण्याच्या महेशचा मला हेवा वाटला.

"आजून काय इचारायचंय?" आप्पांनी विचारलं. विचारताना माझ्याकडे बघितलंही नाही, भिंगच पुसत राहिले.

माझ्या गॅरेजात दोन गाड्या खोळंबल्या होत्या. पलीकडून कुणीतरी हाका मारत होतं.

"आप्पा," मी म्हणालो, "बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना ते लाल औषध लावायचं, त्ये नेमकं किती लावावं?"

ते मला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

आप्पांनी खांद्यावरच्या फडक्याने स्टूल झटकलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस. ह्याला जरा टाइम लागंल."