सरासरी पाडणारा विद्यार्थी

दहा वाजता शाळेत दोन माणसं येणार होती आणि शिपाईमामांना दोघांबद्दल दोन वेगळ्या सूचना होत्या. घोळ तिथेच झाला.

विशेष मुलांच्या त्या सरकारी माध्यमिक शाळेत एक नवा विद्यार्थी दाखल होणार होता. नव्या मुलासाठी शाळेचा पक्का नियम होता: पहिल्या दिवशी नाव-गाव काही विचारायचं नाही, पोर बुजतं. हाताला धरून वर्गात न्यायचं आणि काम द्यायचं. पालकांनी फाटकाशी सोडून मागे वळून न बघता निघून जायचं.

दुसरे होते वरच्या कचेरीतले आकडेवाले साहेब. मुलं कोणत्या वयाची, कोणत्या घरांतून येतात आणि शिकून काय करू शकतात, हे ते तपासणार होते.

"स्वावलंबन चाचणीची सरासरी साठच्या खाली गेली की शाळा बंद," मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून ठेवलं होतं. "मुलं चार दिशांना पांगतील. तेव्हा मामा, साहेब म्हणतील त्याला 'हो' म्हणायचं. रात्र झाली म्हणाले तर दिवा लावायचा."

आधी आला तो कोट घातलेला, हातात ब्रीफकेस. आत येताच त्याने ब्रीफकेसमधून टेप काढली आणि फाटक मोजलं.

"अरुंद आहे," तो म्हणाला.

मामांनी सलाम ठोकला आणि त्याला थेट बाईंच्या खोलीत नेऊन बसवलं.

मागून जो आला त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला सॅक आणि शर्टाचं मधलं बटण गायब. तो फाटकाबाहेर उभा राहून खिडक्या मोजत पुटपुटत होता. मामांना गलबलून आलं. "ये बाळा," म्हणत त्यांनी त्याचा हात धरला.

खरे आकडेवाले साहेब हेच होते; तेवीस वर्षांचे, नोकरीतल्या पहिल्याच तपासणीला आलेले. इथे पाहुण्यांना असंच नेत असावेत, असं समजून ते निमूट चालू लागले.

"हा आपला नवा मित्र," वर्गातल्या ताई म्हणाल्या आणि त्यांना एका मुलीशेजारी बसवलं. तिला सगळे कप्तान म्हणत, कारण ती सगळ्यांना कामाला लावायची.

साहेबांनी पेन काढलं. "तुमचं वय?"

"सतरा. तुझं?"

"तेवीस."

"ताई, हा तेवीसचा म्हणतोय."

"म्हणू दे गं. पहिला दिवस आहे."

"घरी कोण कोण असतं?" साहेबांनी पुढचा रकाना गाठला.

"आई, दोन भाऊ आणि कासव. तुझ्या घरी?"

"मी एकटाच असतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी अर्धं खोडरबर पुढे पाठवलं.

मग ताईंनी साहेबांची स्वावलंबन चाचणी सुरू केली. प्रात्यक्षिक असेल, असं वाटून साहेब मनापासून कामाला लागले. त्यांनी चहा केला. त्यात दूध होतं, साखर होती, चहाची पावडर नव्हती. इस्त्री करताना कॉलरवर बदामी रंगाचं त्रिकोणी चित्र उमटलं. लुटुपुटूच्या दुकानातून साबण घेऊन ते पैसे न देताच निघाले, तेव्हा कप्तानने त्यांना सॅकला धरून मागे ओढलं. शेवटी शर्टाचं गायब बटण. ते त्यांनी पक्कं लावलं, फक्त सोबत टेबलक्लॉथही शिवला.

"होतं असं," कप्तान म्हणाली आणि बटणाभोवतीचं कापड कापू लागली. एव्हाना अख्खा वर्ग भोवती जमला होता आणि जो तो साहेबांना काही ना काही शिकवत होता.

तिकडे बाईंच्या खोलीत कोटवाल्याने वर पाहिलं. "पंखा वाजतोय."

मामा तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढले.

"पडदे नकोत."

पडदे उतरले.

"ही खुर्ची छान आहे."

बाई आपल्या खुर्चीतून उठल्या आणि उभ्याच राहिल्या. "शाळा कशी वाटली, साहेब?"

"बाहेरून छान आहे."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

इतक्यात दार उघडून खरे साहेब आत आले. मागोमाग ताई, कप्तान आणि वर्ग. साहेबांच्या पोटावर टेबलक्लॉथचा तुकडा लोंबत होता.

"बाई, कालपर्यंत तुमची सरासरी साठच्या वर होती," ते ताईंचा गुणांचा कागद नाचवत म्हणाले. "पण आज एका विद्यार्थ्याला पंधरा गुण पडलेत आणि सरासरी साठच्या खाली आलीय! कोण आहे हा?"

"तूच," कप्तान म्हणाली.

साहेबांनी कागद पाहिला, तुकडा पाहिला आणि खिशातलं ओळखपत्र काढलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीकडे वळल्या. "म... मग आपण?"

"मी नववीत आहे," कोटवाला म्हणाला. "कोट काकांचा आहे."

बाई सावरून म्हणाल्या, "काही नाही, साहेबांचे गुण खोडून टाकू."

"नाही खोडता येत," साहेबांचा चेहरा पडला. "चाचणी दिलेला विद्यार्थी वगळायचा नाही, असा नियम आहे. मीच लिहिलाय."

म्हणजे शाळा बंद.

"मग फेरचाचणी घ्या की," कप्तान म्हणाली. "आम्हाला मिळते."

"मिळते!" साहेब उजळले. "त्याच दिवशी मिळते. एक काम नीट जमलं की जुने गुण रद्द. पण परीक्षक शाळेच्या नोकरीत नसावा आणि त्याने विद्यार्थ्याला शिकवलेलं नसावं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन्ही अटींत बसणारा माणूस तिथे एकच होता आणि तो बाईंच्या खुर्चीत बसला होता.

कप्तानने जुनं बटण तुकड्यासकट उसवलं आणि साहेबांनी सुई ओवायला घेतली. तिसऱ्या खेपेला दोरा आत गेला, तेव्हा मामांनी सुस्कारा सोडला. एक टाका, दोन टाके. "गाठ मार," कप्तान कुजबुजली आणि बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. साहेबांनी गाठ मारली आणि घाम पुसत खुर्चीसमोर ताठ उभे राहिले.

कोटवाल्याने टेप काढून वरच्या बटणापासूनचं अंतर मोजलं, मग खालच्या. बटण धरून जोरात ओढलं. साहेब पुढे झुकले, बटण जागचं हललं नाही.

"पास," तो म्हणाला.

खोलीत असा गलका झाला की बाहेरून लोक डोकावले. बाई साहेबांचे दोन्ही हात धरून हलवत होत्या आणि साहेब कप्तानला विचारत होते, "चहाचं पुढच्या आठवड्यात शिकवशील?"

कोटवाल्याने गलका संपेपर्यंत वाट पाहिली. मग त्याने पुन्हा वर पाहिलं.

"पंखा अजून वाजतोय," तो म्हणाला. या वेळी तेलाची बाटली घेऊन साहेबच स्टुलावर चढले.